जे चित्रात, तेच यंत्रात?

विद्युत मंडलाची आकृती फळ्यावर काढताना आपण एक गोष्ट न सांगताच गृहीत धरतो. घट, कळ, दिवा आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा एवढे काढले, की वर्गातला कोणताही विद्यार्थी ती आकृती पाहून टेबलावर तेच मंडल जुळवू शकतो. जिथे रेघ आहे तिथे तार आहे, जिथे रेघ नाही तिथे तार नाही. दिवा लागला नाही, तर आपण मुलांना सांगतो, ‘आकृतीकडे बघा आणि एकेक जोड तपासा.’ आकृती आणि वस्तू यांच्यात इतका भरवशाचा संबंध असतो.

आता दुसरे एक चित्र आठवू या : नगरपालिकेने मंजूर केलेला घराचा नकाशा. नकाशात जिथे गच्ची आहे, तिथे प्रत्यक्षात पत्र्याची खोली उभी असते. मोरीची जागा बदललेली असते, एक खिडकी बुजवलेली असते. नकाशा कपाटात पडून राहतो आणि घर आपल्या गतीने वाढत जाते. दहा वर्षांनी भिंतीतला पाइप फुटला, तर नकाशा कोणी काढून बघत नाही. गवंड्याला बोलावतात, आणि तो भिंत ठोकून अंदाज घेतो.

संगणकाच्या सॉफ्टवेअरचीही चित्रे काढतात. चौकोन, बाण, वर्तुळे यांनी भरलेले मोठमोठे तक्ते प्रकल्पाच्या सुरुवातीला तयार होतात. त्यांतली बहुतेक चित्रे घराच्या नकाशाच्या जातीची असतात. सुरुवातीला खरी, आणि पुढे हळूहळू खोटी. सॉफ्टवेअरचे चित्र विद्युत मंडलाच्या आकृतीसारखे करता येईल का? म्हणजे, चित्रात रेघ ओढली की प्रत्यक्षात जोड व्हावी, आणि रेघ पुसली की जोड सुटावी? हा प्रश्न ज्यांनी मनावर घेतला, त्यांच्या कामाची ओळख या लेखात करून घेऊ या. त्यासाठी आपल्याला कोळशाच्या खाणीत उतरावे लागेल.

त्याआधी एक शब्द. एकच काम जेव्हा अनेक संगणक मिळून करतात आणि ते एकमेकांशी केवळ संदेश पाठवून बोलतात, तेव्हा त्या सगळ्या गोतावळ्याला ‘वितरित प्रणाली’ म्हणतात. रेल्वेचे आरक्षण हे ओळखीचे उदाहरण. खिडकीवरचा संगणक वेगळा, जागांचा हिशेब ठेवणारा वेगळा, आणि दोघांच्या मध्ये तारांचे जाळे. अशा प्रणालीत तीन अडचणी कायमच्या घर करून असतात. संदेश उशिरा पोहोचतो किंवा वाटेत हरवतो. सगळ्या संगणकांची घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. आणि एखादा संगणक बंद पडला, तरी बाकीच्यांना ते लगेच कळत नाही. लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञाने १९८७ साली वितरित प्रणालीची थट्टेने एक व्याख्या केली होती. तिचा आशय असा, की जो संगणक अस्तित्वात आहे हेही आपल्याला माहीत नव्हते, तो बिघडल्यामुळे आपला संगणक अडून बसतो, ती वितरित प्रणाली. बँकेच्या खिडकीसमोर ‘सर्व्हर डाउन आहे’ हे वाक्य ऐकत उभे राहिलेल्यांना ही थट्टा समजावून सांगायला नको.

आता खाण. जमिनीखालच्या खाणीत पाणी सतत झिरपते. ते एका खड्ड्यात गोळा होते आणि तिथून पंपाने वर उपसून टाकावे लागते. खड्डा भरत आला की पंप चालू, पाणी खाली गेले की पंप बंद. इतके साधे असते तर घरच्या टाकीतला तरंगता चेंडूही पुरला असता. पण कोळशाच्या थरांतून मिथेन वायू सुटत असतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असले की ठिणगी पडताच स्फोट होतो, आणि विजेवर चालणाऱ्या पंपात ठिणगी पडू शकते. म्हणून भारतातल्या खाणींच्या नियमांनुसार मिथेन १.२५ टक्क्यांच्या वर गेला, की त्या भागातला वीजपुरवठा तोडावा लागतो. म्हणजे पंपाला दोन धनी झाले. पाणी म्हणते चालू हो, वायू म्हणतो थांब. दोघांचे एकाच वेळी ऐकायचे झाले तर वायूचे आधी ऐकायचे.

दोन्ही धोके पुस्तकी नाहीत. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसून साडेतीनशेहून अधिक कामगार मृत्यू पावले. तिथे जुन्या, सोडून दिलेल्या भागात साठलेले पाणी एकदम फुटून आले होते आणि ते कोणत्याही पंपाच्या आवाक्यातले नव्हते. पण पाणी आणि वायू यांच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर का ठेवावी लागते, हे त्यावरून लक्षात यावे.

पाणी मोजणारा संवेदक, मिथेन मोजणारा संवेदक, पंप, निर्णय घेणारा नियंत्रक, आणि वर जमिनीवर बसून सगळ्यावर लक्ष ठेवणारा चालक, अशी पाच पात्रे झाली. यांचा एक खेळ आम्ही नववीच्या मुलांबरोबर करून पाहिला. साहित्य काहीच लागत नाही : कागदाचे कपटे, एक पाटी आणि सुतळी. पाच मुलांना पाच पात्रे करून वर्गाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभे करायचे. ज्यांना एकमेकांना चिठ्ठी पाठवायची मुभा आहे, त्यांच्यामध्ये सुतळी ताणायची. दोन्ही संवेदकांपासून नियंत्रकाकडे, नियंत्रकापासून पंपाकडे आणि नियंत्रकापासून चालकाकडे. बोलायचे नाही. खुणा करायच्या नाहीत. जे काय सांगायचे ते चिठ्ठीवर लिहून सुतळीच्या वाटेने. नियंत्रकाने पाटीवर दोनच गोष्टी लिहून ठेवायच्या : पाणी ‘वर’ की ‘खाली’, वायू ‘ठीक’ की ‘धोका’. पाणी वर आणि वायू ठीक असेल तरच पंपाला ‘चालू’ची चिठ्ठी. पंप झालेल्या मुलाने चालू असताना हात गोल फिरवायचे.

पहिली फेरी छान पार पडते. मग सुतळ्या तशाच ठेवून फळ्यावर त्याची आकृती काढायची : पाच चौकोन, चार रेघा. मुले म्हणतात, हे तर विजेच्या आकृतीसारखेच आहे. तसे ते आहेच, आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या संगणक विभागात जेफ क्रेमर, जेफ मॅगी, मॉरिस स्लोमन आणि त्यांचे सहकारी १९८०च्या सुमारास नेमक्या याच विचाराने कामाला लागले. त्यांच्या प्रकल्पाचे नाव ‘कॉनिक’. त्याला ब्रिटनच्या नॅशनल कोल बोर्डाची मदत होती आणि खाणीतला पंप हेच त्यांचे आवडते उदाहरण होते. पुढे ते इतके रूढ झाले, की संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत खाण कधीच न पाहिलेल्या हजारो विद्यार्थ्यांनी हा पंप कागदावर चालवला आहे.

कॉनिकमधला मुख्य विचार ऐकायला साधा आहे. प्रत्येक पात्राची आज्ञावली वेगळी लिहायची, आणि कोणाला कोणाशी जोडायचे हे त्या आज्ञावलीत लिहायचेच नाही. ते वेगळ्या जागी, वेगळ्या भाषेत लिहायचे. यात विशेष काय, असे वाटेल. पण त्या काळी, आणि बऱ्याच अंशी आजही, आज्ञावलीच्या पोटातच ‘अमुक क्रमांकाच्या संगणकाला संदेश पाठव’ अशी वाक्ये पेरलेली असतात. पंप दुसऱ्या जागी हलवला की आज्ञावली उकरून ते क्रमांक शोधत बसायचे. एखादा नजरेतून सुटला की संदेश जुन्याच पत्त्यावर जात राहतो.

कॉनिकमध्ये नियंत्रकाची आज्ञावली ‘पंपाला सांग’ असे म्हणत नाही. ती म्हणते, ‘माझ्या या द्वारातून ही आज्ञा बाहेर टाक.’ बाहेर कोण आहे, याची तिला खबर नसते. मिक्सरला आपण कोणत्या घरातल्या कोणत्या सॉकेटात लागलो आहोत हे कुठे माहीत असते? त्याच्याजवळ फक्त पिन असते. आणि सॉकेटाची उपमा आणखी थोडी ताणता येते. १५ अँपियरची जाड पिन ५ अँपियरच्या सॉकेटात जात नाही. तशीच इथे प्रत्येक द्वाराला एक जात ठरवून दिलेली असते. ‘चालू/बंद’ पाठवणारे द्वार ‘मिथेन किती टक्के’ ऐकणाऱ्या द्वाराला जोडू गेलात, तर ते जोडलेच जात नाही. चूक खाणीत उतरण्याआधीच टेबलावर सापडते.

एकदा जोडणी आज्ञावलीबाहेर आली, की तिचे चित्र काढणे ही सजावट राहत नाही. जोडणी म्हणजेच चित्र! सुरुवातीला कॉनिकची जोडणी शब्दांत लिहीत : हा घटक तयार कर, तो त्या संगणकावर ठेव, याचे हे द्वार त्याच्या त्या द्वाराशी जोड. मग या मंडळींनी ‘कॉनिकड्रॉ’ नावाचे साधन केले. १९८९ साली क्रेमर आणि मॅगी यांनी एका सहकाऱ्यासह त्याविषयी सविस्तर लेख लिहिला. पडद्यावर चौकोन दिसतात, त्यांच्या कडांवर द्वारे दिसतात. दोन द्वारांमध्ये रेघ ओढायची. ही रेघ कागदावरची नसते. साधन ती ओळ जोडणीच्या भाषेत लिहिते, संबंधित संगणकांना कळवते, आणि चालू प्रणालीत ती जोड तयार होते. उलट दिशेनेही तेच. प्रणाली चालू असताना तिची आत्ताची जोडणी पडद्यावर पाहता येते. कपाटातला नकाशा आणि घर यांच्यातली फारकत निदान या एका बाबतीत मिटली.

पुढे १९९०च्या दशकात याच गटाने ‘डार्विन’ नावाची सुधारलेली भाषा केली. तिच्या चित्रांत एक छोटी पण मोलाची खूण आहे. घटक जी सेवा दुसऱ्यांना देतो, तिथे भरीव वर्तुळ. जी सेवा त्याला दुसऱ्याकडून हवी आहे, तिथे पोकळ वर्तुळ. चित्रात एखादे पोकळ वर्तुळ रेघेविना उरले, तर लांबूनच दिसते, की या घटकाची गरज कोणी भागवलेली नाही.

चित्रांची एक तक्रार नेहमी केली जाते आणि ती खरी आहे. पाच चौकोनांचे चित्र देखणे दिसते, दोनशे चौकोनांचे चित्र म्हणजे गुंतवळ. त्यावर उपाय आपण भूगोलात रोज वापरतो. राज्याच्या नकाशात जिल्हा हा एक तुकडा, जिल्ह्याच्या नकाशात तालुके, तालुक्याच्या नकाशात गावे. इथेही एक ‘पंपघर’ नावाचा मोठा चौकोन करायचा आणि त्याच्या आत पंप, पाण्याचा संवेदक आणि नियंत्रक बसवायचे. बाहेरून फक्त दोन-तीन द्वारे दिसतील. खाणीत दहा पंपघरे असतील, तर तोच चौकोन दहा वेळा ठेवायचा. आतले एकदाच काढलेले पुरते. कॉनिक आणि डार्विन दोन्हींत हे करता येई. आमच्या मते चित्राचा खरा फायदा मोठ्या प्रणालीत होतो तो रंगीत पडद्यामुळे नव्हे, या चौकोनातल्या चौकोनामुळे.

आता जरा अवघड प्रश्नाकडे. आपल्या पाच पात्रांना संगणक किती द्यायचे? प्रत्येकाला एक असे बंधन नाही. नियंत्रक खाली पंपाशेजारच्या संगणकावर ठेवता येईल, किंवा वर जमिनीवर चालकाच्या संगणकावरही ठेवता येईल. चौकोन आणि रेघा दोन्ही वेळा त्याच राहतात. फरक एवढाच, की नियंत्रक वर ठेवला, तर तीन रेघा शेकडो मीटर केबलमधून जातील. छत कोसळून केबल तुटली, तर खाली पंप आणि संवेदक शाबूत असूनही त्यांचा मेंदू वरच अडकून पडेल. म्हणून एका चित्राने भागत नाही. कोण कोणाशी बोलतो याचे एक चित्र लागते, आणि कोण कुठे राहतो याचे दुसरे. १९९७ साली मान्यता मिळालेल्या ‘यूएमएल’ या सर्वत्र पसरलेल्या चित्रभाषेतही या दुसऱ्या चित्राला स्वतंत्र स्थान आहे. त्यात संगणक घनाकृती खोक्यासारखा काढतात आणि आज्ञावल्यांचे तुकडे त्या खोक्यात ठेवतात. मात्र यूएमएलची चित्रे पुष्कळदा काढून कपाटात जातात. ती यंत्राला बांधलेली नसतात, म्हणून पुन्हा घराच्या नकाशासारखी होतात.

खेळाची दुसरी फेरी इथे घ्यावी. या वेळी शिक्षकाने स्वतः मिथेन-संवेदक आणि नियंत्रक यांच्यामधली तार व्हायचे. संवेदक झालेल्या मुलीने ‘धोका’ची चिठ्ठी दिली, की ती मुठीत धरून शांतपणे उभे राहायचे. आमच्या वर्गात पुढे काय झाले ते सांगतो. पंपाचे हात फिरतच राहिले. ज्यांनी चिठ्ठी लिहिताना पाहिले होते ती मुले ओरडू लागली. आणि नियंत्रक झालेला मुलगा गोंधळून म्हणाला, ‘सर, काहीच आलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असंच मी समजलो.’

चूक त्या मुलाची नव्हती. पाटीवर शेवटची बातमी ‘ठीक’ होती आणि नियमाप्रमाणे तो बरोबर वागत होता. दोष नियमात होता. चर्चेनंतर मुलांनीच दुरुस्ती सुचवली. मिथेन-संवेदकाने धोक्याची वाट न पाहता दर पाच टाळ्यांना चिठ्ठी पाठवायची, ‘ठीक’ असली तरीही. दहा टाळ्या होऊन चिठ्ठी आली नाही, तर नियंत्रकाने ते मौन धोका समजायचे आणि पंप बंद करायचा. एक मुलगी पुढे म्हणाली, की नियंत्रकाची ‘बंद’ची चिठ्ठीच हरवली तर? मग तोच नियम पंपालाही लावला : ‘चालू’च्या चिठ्ठ्या येत राहतील तोवरच हात फिरवायचे.

नंतर आम्ही फळ्यावरची आकृती पुन्हा दाखवली आणि विचारले, यात काय बदलायचे? काहीच नाही. पाच चौकोन तेच, चार रेघा त्याच, संगणकही तेच. ज्या प्रणालीत स्फोट होतो आणि ज्या प्रणालीत होत नाही, त्या दोन्हींचे चित्र एकच आहे.

ही या साधनांची मर्यादा आहे. ती लहान नाही. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९८६ साली, कोणताही एक जादूचा उपाय सॉफ्टवेअरचे सगळे दुखणे बरे करणार नाही, असे प्रतिपादन करणारा निबंध लिहिला. त्यात त्यांचे एक म्हणणे असे होते, की सॉफ्टवेअर मुळात डोळ्यांना दिसण्याजोगे नसते. घराचा नकाशा जागेचा असतो, पण सॉफ्टवेअरला जागा नसते. त्याचे चित्र काढू गेले की एक नाही, एकावर एक पडलेली अनेक चित्रे निघतात : आज्ञा कोणाकडून कोणाकडे जाते त्याचे एक, माहिती कशी वाहते त्याचे दुसरे, कशानंतर काय घडते त्याचे तिसरे. ब्रुक्स जरा जास्तच निराश होते असे आम्हाला वाटते, पण दुसऱ्या फेरीत वर्गाने पाहिले ते त्यांच्याच बाजूचे होते.

वागणुकीचीही चित्रे काढता येतात. टेलिफोन केंद्रांचे अभियंते त्यात सर्वांच्या पुढे होते. ‘एसडीएल’ ही त्यांची चित्रभाषा आंतरराष्ट्रीय समितीने १९७६ सालीच शिफारस म्हणून स्वीकारली होती. इस्राएलचे डेव्हिड हॅरेल यांनी १९८३च्या सुमारास ‘लवी’ या लढाऊ विमानाच्या उपकरणांवर काम करताना अवस्थांची चित्रे काढण्याची पद्धत बसवली. अशा चित्रात चौकोन म्हणजे घटक नव्हे, अवस्था : ‘पंप चालू’, ‘पंप बंद’, ‘वायूमुळे रोखलेला’. बाण म्हणजे तार नव्हे, एका अवस्थेतून दुसरीत जाणे. मॅगी आणि क्रेमर यांनीही शेवटी हीच वाट धरली. १९९९ साली त्यांनी पुस्तकाबरोबर एक साधन दिले. त्यात प्रत्येक घटकाच्या अवस्था लिहून दिल्या, की संगणक सगळ्या घटकांच्या अवस्थांचे सर्व मेळ एकेक करून तपासतो. कुठे दोघे एकमेकांची वाट पाहत कायमचे थांबतात का, पंप चालू आणि वायू धोक्याचा असा मेळ येऊ शकतो का, हे तो शोधतो आणि सापडले तर तिथवर नेणारी घटनांची साखळी दाखवतो. आपण मुठीत चिठ्ठी धरून जे एकदा केले, ते तो सर्व शक्य प्रकारांनी करून पाहतो. अडचण एवढीच, की घटक वाढले की मेळ गुणाकाराने वाढतात. प्रत्येकी ४ अवस्थांचे ५ घटक म्हणजे जास्तीत जास्त १०२४ मेळ. १० घटक म्हणजे दहा लाखांहून अधिक!

या कामाचे पुढे काय झाले, तेही थोडक्यात पाहू. डार्विनच्या कल्पना फिलिप्स कंपनीतल्या रॉब व्हॅन ओमेरिंग यांनी दूरचित्रवाणी संचांच्या सॉफ्टवेअरसाठी वापरल्या. त्यांच्या पद्धतीचे नाव ‘कोआला’. तिची माहिती देणारा लेख २००० साली प्रसिद्ध झाला आणि क्रेमर व मॅगी त्याचे सहलेखक होते. कोआलातले घटक मुद्दाम इलेक्ट्रॉनिक चिपसारखे काढतात, पिनांसकट. पिनेतल्या त्रिकोणाचे टोक आज्ञा कोणत्या दिशेला जाते ते दाखवते. टीव्ही काही वितरित प्रणाली नव्हे, पण एकाच घटकाला वेगवेगळ्या मॉडेलांत फिरवून वापरायचे तर त्याला शेजारी कोण हे माहीत नसलेलेच बरे. खाणीतला धडा तिथे जसाच्या तसा लागू पडला.

आज हजारो संगणकांवर पसरलेल्या सेवा चालवायला ‘कुबरनेटीज’सारखी साधने वापरतात. गूगलने ते २०१४ साली जाहीर केले. त्यातही कोणता घटक, किती प्रती, कोणाशी जोडलेला, हे आज्ञावलीबाहेर वेगळे लिहितात आणि साधन प्रत्यक्ष स्थिती त्या लिखाणाशी सतत ताडून पाहते. एक प्रत मेली तर दुसरी उभी करते. गंमत अशी, की हे लिखाण पुन्हा शब्दांत आहे, चित्रात नाही. कालची आणि आजची मजकुराची प्रत ओळीला ओळ लावून तपासता येते. दोन चित्रांत नेमके काय बदलले, हे शोधणे त्या मानाने कठीण. चित्र हवे असेल तर ते त्या मजकुरावरून काढून घेतात. ज्यांना शाळेत चौकोन आणि रेघांचा अनुभव मुलांना द्यायचा आहे, त्यांच्यासाठी आयबीएममध्ये २०१३ साली सुरू झालेले ‘नोड-रेड’ हे मोफत साधन आहे. त्यात चित्र काढून ‘डिप्लॉय’ हे बटण दाबले, की तेच चित्र चालू लागते.

खेळाची तिसरी फेरी आम्हाला सर्वांत आवडते. नियंत्रक झालेल्या मुलाला घरी जायचे आहे. त्याच्या जागी दुसरी मुलगी येणार, पण खेळ थांबवायचा नाही. साधारणपणे मुले काय करतात? तो उठतो, ती बसते. तेवढ्यात वाटेत असलेली ‘धोका’ची चिठ्ठी रिकाम्या हातात पडते, नाही तर जाणाऱ्याच्या खिशातून घरी जाते. नव्या नियंत्रकाची पाटीही कोरी असते. रेघ पुसून नवी ओढणे हे चित्रात एका क्षणाचे काम, पण त्या क्षणी तारेत संदेश असतात, आणि ते चित्रात दिसत नाहीत.

क्रेमर आणि मॅगी यांनी १९९० साली या प्रश्नाचा काटेकोर विचार मांडला. घटक बदलण्याआधी तो ‘निवांत’ झाला पाहिजे. म्हणजे त्याने नवे संभाषण सुरू करायचे नाही, त्याच्याकडे आलेली सगळी संभाषणे पुरी झालेली असली पाहिजेत, आणि त्याच्याशी नवे संभाषण कोणी सुरूही करता कामा नये. यातला शेवटचा भाग मुलांच्या लक्षात येत नाही. नियंत्रकाला गप्प करून भागत नाही. त्याच्याशी बोलायला सुरुवात करणाऱ्यांना आधी गप्प करावे लागते. मग क्रम असा लागतो : दोन्ही संवेदकांना ‘नवी चिठ्ठी काढू नका’, वाटेतल्या चिठ्ठ्या पोहोचू द्या, नियंत्रकाचे सुरू असलेले काम संपू द्या, पाटी उतरवून घ्या, सुतळ्या नव्या मुलीकडे बांधा, आणि मग संवेदक पुन्हा सुरू. खाणीतली बाकीची पंपघरे या वेळात चालूच राहतात, त्यांना हात लावावा लागत नाही.

या वेळात आपल्या पंपाचे काय होते? संवेदक गप्प झाले की दुसऱ्या फेरीतला नियम लागू होतो आणि दहा टाळ्यांत पंप आपोआप थांबतो. वायूच्या बाजूने हे सुरक्षित आहे, पण पाणी तर झिरपतच असते. समजा, खड्ड्यात अजून ६ घनमीटर जागा आहे आणि मिनिटाला २०० लिटर पाणी येते आहे. अदलाबदलीला किती वेळ मिळतो? तीस मिनिटे. पाऊसकाळात पाणी तिप्पट आले तर दहाच. मुलांना हे गणित झाल्यावर विचारावे, की शेजारच्या पंपघराने तेवढ्या वेळापुरते हे पाणी उपसायचे ठरवले, तर आकृतीत कोणत्या रेघा वाढवाव्या लागतील, आणि त्या ओढण्याआधी कोणाकोणाला निवांत करावे लागेल.